‘गुलामगिरी’ या शब्दाची निवड

जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंच्या दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केलेला आहे. आपले समीक्षक या अर्पणपत्रिकेचा उल्लेख जोतीरावांच्या उदार दृष्टीचा पुरावा म्हणून करतात आणि पुढे जातात. ग्रंथाच्या नावाचे मर्म तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानात गुलामांविषयी तरतुदी आहेत. ‘गुलाम’ हा शब्द मात्र नाही. प्रतिनिधींची संख्या ठरविताना त्यांना ‘इतर व्यक्ती’ म्हणून तीनपंचमांश मोजले आहे. परंतु शब्द टाळल्याने वाद टळला नाही. १८२० ची मिसूरी तडजोड १८५४ मध्ये मोडली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाचे नागरिकत्वच नाकारले. १८६० मध्ये लिंकन निवडून येताच दक्षिणेची राज्ये फुटू लागली. या राज्यांनी १८६१ च्या आपल्या संविधानात तो शब्द निःसंकोच लिहिला. मूळ संविधानात तो आला १८६५ मध्ये, प्रथा रद्द करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीत. तोवर सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले होते.

आपल्याकडील अडचण निराळी. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आणि याच जिल्ह्यात सज्जनगडावर समर्थांची समाधी आहे. या मुलखात ‘दास’ ही पदवी आहे, नवविधा भक्तीत दास्य ही एक भक्ती आहे. अशा शब्दाने चीड कशी जागी व्हावी? ‘गुलाम’ हा फारसीच्या वाटेने आलेला अरबी शब्द. त्याला कसलेही पावित्र्य चिकटलेले नाही (पत्त्यांतही त्याची जागा राणीच्या खाली). शिवाय ‘गिरी’ हा प्रत्यय शिपाईगिरी, मुलूखगिरी यांप्रमाणे चालू उद्योग सुचवितो. म्हणजे ‘दास्य’ ही अवस्था, तर ‘गुलामगिरी’ हा रोज करवून घेतला जाणारा व्यवहार. शीर्षकपृष्ठावर ब्राह्मणी धर्माच्या आडपडद्याचा उल्लेख आहे. तो पडदा सारण्याचे पहिले काम हा शब्दच करतो.

खरेदीविक्रीची गुलामीही येथे होतीच. पेशवाईत कुणबिणी विकत घेतल्या जात. व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रियांना सरकार बटकी करून किल्ल्यांवर कामास धाडीत असे. कुणब्याच्या स्त्रीचे आणि विकत घेतलेल्या बाईचे नाव एकच असावे, ही गोष्ट बोलकी आहे. तथापि ग्रंथाचा भर तिच्यावर नाही. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकी हक्क न्यायालयांनी मानणे बंद झाले होते. ज्या बंधनाला कायद्यात नावच नव्हते, त्याला नाव देणे हे फुल्यांचे कार्य होय. अमेरिकेशी केलेली तुलना कायद्याच्या दृष्टीने सैल, पण या अर्थी अचूक आहे.

ग्रंथातील व्युत्पत्ती मात्र स्वीकारता येत नाहीत. ‘महासुभा’पासून ‘म्हसोबा’ हा प्रवास ध्वनिनियमांनी सिद्ध होत नाही. त्याचे समर्थन करू पाहणारे अभ्यासक ग्रंथाचे हितच करीत नाहीत. त्याचे बळ जोतीराव व धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांत आहे. तीच सवालजबाबाची रीत पुढे सत्यशोधकी जलशांनी उचलली आणि सातारा व आजचा सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या (१९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता) गावोगावी नेली. १९१९ ते १९२१ या काळात साताऱ्याच्या कुळांनी जमीनमालकांविरुद्ध उठाव केला, तेव्हा धोंडीबाचे प्रश्न चावडीवर विचारले जाऊ लागले होते.