रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्माविचार : काही शब्दनिष्ठ निरीक्षणे

कुडाळच्या परिसरात ख्रिस्ती धर्मजीवनाच्या शब्दांची दोन कुळे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. गोव्याहून सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले या भागात येऊन स्थिरावलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या बोलीत इगर्ज, मीस, फेस्त, खुरीस, सायबीण असे शब्द आढळतात. यांपैकी शेवटचा सोडल्यास बाकीचे पोर्तुगीजमधून आले आहेत. उलट, वेंगुर्ल्यास ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रुग्णालय चालविले, त्याच्यासारख्या प्रॉटेस्टंट मिशनांच्या उपासनेत मंडळी, पाळक, उपासना, प्रभुभोजन ही परिभाषा रूढ झाली. एका कुळाने शब्द उसने घेतले, दुसऱ्याने मराठीतून निवडले, अशी ही विभागणी वरवर पाहता स्वच्छ वाटते. परंतु प्रॉटेस्टंट परिभाषेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द नेमका या नियमाला अपवाद आहे. तो शब्द 'बाप्तिस्मा'. कोकणातच, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धर्मचिंतनाचा गाभा या एका शब्दाभोवती फिरतो, आणि त्यांच्या विचाराचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही या शब्दाच्या द्वारे जितकी स्पष्ट होतात तितकी त्यांच्या काव्याच्या रसग्रहणातून होत नाहीत.

प्रथम शब्दाचा विचार करू. पाण्यात बुडविणे हा मूळ ग्रीक धातूचा अर्थ होय. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बॅप्टिस्ट भाषांतरकारांनी बंगाली नव्या करारात या धातूसाठी बुडण्याच्या अर्थाचा देशी शब्द योजिला, तेव्हा बायबल छापणाऱ्या मोठ्या संस्थांनी त्यांस साहाय्य नाकारले व त्यावरून इंग्लंड-अमेरिकेत नव्या संस्था निघाल्या. वाद दिसावयास कोशकारांचा होता, वस्तुतः तो विधीचा होता. शब्दाचा अर्थ निश्चित केला की उमेदवारास बुडवावयाचे की त्याच्यावर पाणी शिंपडावयाचे हेही निश्चित होते. ग्रीक शब्द तसाच ठेवला म्हणजे प्रत्येक पंथास आपला विधी त्यात पाहता येतो. तमिळने 'ज्ञानस्नान' हा समास केला, मराठी कॅथलिक लेखनात 'स्नानसंस्कार' आला. मराठी प्रॉटेस्टंटांनी मात्र परकी शब्द स्वीकारला व तो मराठी करून सोडला. 'मराठी करून सोडला' हे विधान अक्षरशः घ्यावयाचे आहे. 'सिनेमा' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी असूनही त्याचे सामान्यरूप होत नाही, आपण 'सिनेमाला' असेच म्हणतो. 'बाप्तिस्मा' मात्र घोड्याच्या पंक्तीस जाऊन बसला. 'बाप्तिस्म्याला', 'बाप्तिस्म्याचा' असा तो चालतो. आकारान्त पुल्लिंगी नामाचे पूर्ण नागरिकत्व त्यास मिळाले, अर्थ मात्र परका राहिला. मराठी वाचकास या शब्दात पाणी दिसत नाही, स्नान दिसत नाही. त्यास दिसते ती केवळ एक सीमा.

ही सीमा कोणत्या बाजूने पाहावयाची यावर क्रियापद ठरते. ख्रिस्ती समाजात बाप्तिस्मा 'घेतात', पाळक तो 'देतो', तान्ह्या मुलाचा तो 'होतो'. सीमेच्या अलीकडे राहिलेला समाज या साऱ्यास एकच क्रियापद लावीत असे : 'बाटणे'. हे क्रियापद अकर्मक आहे. बाटणाऱ्याच्या इच्छेला, विचाराला वा निवडीला त्यात जागाच नाही. स्पर्शाने भांडे विटाळावे तसा मनुष्य बाटतो. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित मराठी धर्मान्तरितांचे आत्मनिवेदनपर लेखन हा एका अर्थी 'बाटला' हे क्रियापद पुसून 'घेतला' हे क्रियापद प्रस्थापित करण्याचा प्रयत्न होता. बाबा पद्मनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्या निर्णयाची पावले एकेक करून मांडिली. त्यांच्या समोरचा वाचक 'आपण बाटलो नाही, विचाराने येथवर आलो' हे ज्याला पटवावयाचे असा होता.

टिळकांच्या बाबतीत हे 'घेणे' विशेष ठसठशीत आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, तथापि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेईपर्यंत मधला काळ गेलाच. मनाने ख्रिस्ताचा होऊनही विधीने त्याचा न झालेला मनुष्य, ही अवस्था टिळकांनी स्वतः भोगली होती. या अवस्थेचा शेवट ज्या दिवशी झाला त्या दिवसाची किंमत कोणी मोजली, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त (१९३४पासून प्रसिद्ध) वाचावे. पती-पत्नींची ताटातूट, घरात उडालेला हाहाकार, आणि अखेरीस १९०० साली लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा. या सर्व हकिकतीत एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. लक्ष्मीबाई जेवणाखाण्यातील जातिभेद आधी सोडतात आणि बाप्तिस्मा मागाहून घेतात. त्यांच्या लेखी सीमा पाण्याची नव्हती, पंगतीची होती. टिळकांनी सिद्धान्तातून जे सांगितले ते त्यांनी स्वयंपाकघरातून सांगितले, आणि पुष्कळदा अधिक नेमके सांगितले.

१९०४ साली टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. बाप्तिस्मा देण्याचा अधिकार आता त्यांच्या हाती होता. आणि याच मनुष्याने १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यास पत्करला, साताऱ्यास वास्तव्य केले व 'देवाचा दरबार' या नावाने एका बंधुसंघाची घोषणा केली. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना स्थान होते. टिळकांचे चरित्रकार विन्स्लो (१९२३) यांच्यापासून पुढे बहुतेकांनी या घोषणेचे वाचन औदार्याची परिसीमा म्हणून केले आहे. त्यात तथ्य आहे. ज्या घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले आणि ज्यांना कोणी कधी बाप्तिस्म्याच्या दाराशी नेले नाही, त्या घराचेच हे मोठे रूप होय.

तथापि शब्दांकडे नीट पाहिले तर औदार्याबरोबर एक पेचही दिसू लागतो. दरबाराने सीमा पुसली असे म्हणावे, तर सभासदांचे वर्णन मात्र सीमेवरूनच होते : एक 'घेतलेले', दुसरे 'न घेतलेले'. विशेषण नकारात्मक असले तरी त्याचा आधार तोच विधी राहतो. ज्यास बाप्तिस्म्याची आवश्यकता मान्य नाही त्याने शिष्यांची विभागणी भक्तीवर, सेवेवर वा त्यागावर करावयास हवी होती. टिळकांनी ती केली नाही, आणि त्यांना ती करता येण्यासारखीही नव्हती. स्वतःच्या बाप्तिस्म्यासाठी ज्याने घर मोडू दिले त्यास तो विधी गौण आहे असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या आयुष्याचा अर्थ कमी करणे ठरले असते. म्हणून दरबारात बाप्तिस्मा आवश्यक नाही व अनावश्यकही नाही. टिळकांचे विचार या ठिकाणी सुटत नाहीत, नुसते थांबतात. आणि त्यांच्या चाहत्यांनी ही थांबण्याची जागा उत्तर समजून घेतली, हे योग्य झाले नाही.

'दरबार' या शब्दाविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत. 'मंडळी' हा शब्द मराठी घरातला आहे. 'घरची मंडळी' म्हणजे कुटुंबीय, आणि जुन्या बोलण्यात 'आमची मंडळी' म्हणजे तर चक्क पत्नी. ख्रिस्ती समाजासाठी ज्या कोणी हा शब्द प्रथम योजिला त्याने नकळत फार मोठे काम केले. त्यात राजा नाही, आसनांचा क्रम नाही. दरबार फारसीतून आला आणि आपल्याबरोबर सिंहासन व मानकरी घेऊन आला. येथे राजा ख्रिस्त आहे हे खरे, त्यामुळे मिशनच्या साहेबाचे वर्चस्व एका फटक्यात बाजूला सरते हेही खरे. टिळकांना बहुधा तेच हवे होते. पण कुटुंबवाचक शब्दाकडून राजसभेच्या शब्दाकडे हा प्रवास भक्तिसंप्रदायाच्या दृष्टीने पुढचा म्हणावा की मागचा, याचा विचार तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आल्याचे सांगणाऱ्या कवीने केलेला दिसत नाही. वारकऱ्यांच्या परंपरेत दिंडी आहे, फड आहे. दोन्ही शब्द हाताशी होते.

या बाबतीत पंडिता रमाबाईंची तुलना उद्बोधक ठरते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर अल्पावधीतच त्यांचा तेथील भगिनींशी पत्रव्यवहारातून वाद सुरू झाला. क्रुसावर लॅटिन शब्दच का असावेत, संस्कृत का नसावेत, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. मात्र पुढे स्वतः बायबलचे मराठी भाषांतर करताना (ते १९२४ साली प्रसिद्ध झाले) त्यांनी नेमकी उलट दिशा घेतली. हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले संस्कृत शब्द टाळून अशिक्षित स्त्रीलाही कळेल अशी भाषा त्यांनी पसंत केली. टिळक संतांची परिभाषा जवळ करून सीमा ओलांडू पाहतात. रमाबाईंना त्या परिभाषेतच जुने बंधन दिसते. दोघेही मिशनच्या चौकटीत मावले नाहीत. दोघांनी आपली पूर्वीची नावेही सोडली नाहीत : रमाबाईंस बाप्तिस्म्याच्या वेळी 'मेरी' हे नाव मिळाले, जगाने त्यांस पंडिता रमाबाई म्हणूनच ओळखले; आणि नारायण वामन टिळक अखेरपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले.

नावाचा हा मुद्दा येथेच सोडून चालणार नाही, कारण टिळकांच्या विचाराची सामाजिक बाजू त्यात आहे. 'टिळक' हे आडनाव राखणे त्यांना परवडणारे होते. त्या आडनावाने त्यांस काव्यसंमेलनात स्थान, कीर्तनास श्रोते व वादास प्रतिपक्षी मिळवून दिले. परंतु ज्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात त्यांनी पाळकाचे काम केले तेथील मंडळ्या प्रामुख्याने महार व मांग समाजांतून आलेल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा तत्त्वचिंतनाचा विषय होण्याआधी गावकुसाबाहेरच्या माणसाची नोंद करणारे पुस्तक होते : कोणाचे तरी नाव, कोणत्या तरी तारखेस, मान्यतेने लिहिले गेले. चर्चच्या बाकावर बसण्याचा आणि एकाच पेल्यातून घेण्याचा हक्क त्या नोंदीतून निघत होता. अशा माणसास 'न घेतलेला शिष्य' ही पदवी कोणते नवे स्वातंत्र्य देते? ब्राह्मणाच्या बाबतीत बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताचे होणे म्हणजे घर राखून भक्ती करणे. महाराच्या बाबतीत त्याचा अर्थ वेशीबाहेरच राहून भक्ती करणे असा होऊ शकत होता. दरबाराच्या कल्पनेत हा भेद नाही. टिळकांचा हेतू शुद्ध होता याविषयी शंका नको, परंतु कल्पनेचे मूल्यमापन हेतूवरून करावयाचे नसते.

पुढे हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत आला. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जातीविषयक आदेशानुसार हिंदू (आणि १९५६पासून शीख, १९९०पासून बौद्ध) धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म पाळणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजले जात नाही. त्यामुळे जी नोंद एकेकाळी मान्यता देत होती तीच सवलत गमावल्याचा पुरावा ठरू लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या पुद्दुचेरीच्या प्रकरणात अर्जदार स्त्रीचा बालपणीचा बाप्तिस्मा व तिची चर्चमधील उपस्थिती या गोष्टी विचारात घेतल्या गेल्या आणि तिचा दावा अमान्य झाला. 'बाप्तिस्मा न घेतलेला शिष्य' ही टिळकांची कल्पना आज पुन्हा वाचणाऱ्याने हे विसरता कामा नये की आता त्या विशेषणाला आर्थिक किंमत आहे, आणि ती किंमत टिळकांच्या जातीतील मनुष्यास द्यावी लागत नाही.

आणखी एक उणीव व्याकरणाच्याच अंगाने दाखविता येईल. टिळकांचे सारे चिंतन 'घेणे' या क्रियापदावर उभे आहे. 'होणे' या क्रियापदाचा विचार त्यात जवळजवळ नाही. ज्याचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला त्याचे ख्रिस्तीपण कशात आहे? त्याने निवड केलेली नाही, घर सोडलेले नाही, त्यास कोणी 'बाटला' म्हटलेले नाही. कुडाळच्या कॅथलिक कुटुंबातले मूल इगर्जीत नेले जाते, धर्ममातापित्यांच्या हातांत दिले जाते, त्याच्या नावापुढे फर्नांडिस किंवा डिसोझा हे आडनाव आधीपासूनच उभे असते. त्याची ख्रिस्ती ओळख त्यास वारशाने मिळते, जशी करजगावच्या मुलास 'टिळक' ही ओळख मिळाली होती. दरबारात जन्मास येणाऱ्या मुलाची गणना 'घेतलेल्यां'त करावयाची की 'न घेतलेल्यां'त, हे ठरविण्याचा प्रसंग टिळकांवर आला नाही. दरबाराच्या घोषणेला दोन वर्षे पुरी होण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले. मागे राहिलेले अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पुरे केले. अपुऱ्या दरबाराला असा कोणी लेखक मिळाला नाही.