प्रल्हाद शिंदे यांचा गळा आणि आपली अर्धी यादी

प्रल्हाद शिंदे यांच्याविषयी आपल्या चळवळीत दोन तऱ्हेची माणसे बोलतात. एक, नाव निघताच हात जोडणारी. दुसरी, 'तो तर विठ्ठलाची गाणी गाणारा' असे म्हणून तोंड फिरवणारी. पहिल्यांना भीमगीतांच्या कॅसेटी पाठ असतात, दुसऱ्यांना 'ऐका सत्यनारायणाची कथा' तेवढी आठवते. सगळे शिंदे एका बैठकीत ऐकण्याची तसदी दोघांनीही घेतलेली नसते. समीक्षेचे काम इथूनच सुरू व्हायला हवे.

मला हे काम एका विद्यार्थ्याने लावून दिले. तो संगमनेरचा, गिटार वाजवणारा. त्याने एक यादी दाखवली. ढाक्याच्या 'वॉरफेझ' नावाच्या बँडची. हेवी मेटल हे विजेच्या गिटारींचे कर्कश गाणे बंगालीत आणणाऱ्या पहिल्या काही जणांत ही पोरे होती. १९८४ साली जमली, आधी इंग्रजीच वाजवीत. १९९१ साली त्यांची पहिली बंगाली कॅसेट निघाली, १९९४ साली 'अबाक भालोबाशा'. साल, वादक, गीतकार, गाण्यांचा क्रम, सगळे नोंदलेले. तो म्हणाला, ''सर, आपल्या गायकांची अशी यादी कुठे मिळेल?'' प्रश्न साधा होता आणि बोचणारा होता.

यादी करायला बसले म्हणजे पहिली अडचण अशी की कंपन्यांनी आपल्याआधीच यादी करून ठेवलेली असते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला, तेव्हापासून या धंद्याला कप्पे लागतात. भक्तिगीत, लोकगीत, कव्वाली, आणि पुढे भीमगीत. शिंदे या सगळ्या कप्प्यांत आहेत, आणि म्हणूनच ते एकसंध असे कुठेच नाहीत. 'पाऊले चालती पंढरीची वाट' गाणारे शिंदे एका दुकानात मिळतात, बाबासाहेबांचे पोवाडे-कव्वाल्या गाणारे शिंदे चैत्यभूमीबाहेरच्या पथारीवर.

पण गळा एकच. उंच पट्टीतला, मोकळा, घासून खरखरीत झालेला. ओळ पुन्हा पुन्हा वरून उचलून समोरच्यावर फेकायची ही कव्वालीच्या मुकाबल्यातली सवय. ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा हा आवाज आहे. रेडिओवरच्या मराठी भावगीताने ज्या गोड, बंद खोलीतल्या आवाजाला सुसंस्कृत ठरवले, त्याच्या नेमका उलट. आमच्या पांढरपेशा संगीत-समीक्षकांना तो 'लोकप्रिय' वाटतो. या शब्दामागचा तुच्छतेचा वास आपल्याला ओळखता यायला हवा.

आता विठ्ठलाचा प्रश्न. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते मे १९४७ मध्ये. शिंदे यांचा जन्म १९३३चा. म्हणजे ज्या देवळाची वाट त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला गाऊन दाखवली, त्या देवळाचे दार त्यांच्या वयाच्या तेरा-चौदा वर्षांपर्यंत त्यांच्या माणसांना बंद होते. आज नगर जिल्ह्यातून दिंड्या निघतात तेव्हा ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यातून हाच आवाज पुढे चालत असतो. चोखोबाला पायरीशी थांबवणारी व्यवस्था त्याच्या वंशजाच्या गळ्यावाचून आता वारी चालवू शकत नाही. 'आता तरी देवा मला पावशील का' या गाण्याचे नावच बघा. यात तृप्त भक्ताचा आनंद नाही, ताटकळत ठेवलेल्या माणसाची तक्रार आहे. हे गीत विद्रोहाचे आहे असा माझा दावा नाही. तसा दावा करणे म्हणजे आपल्या सोयीसाठी गाणे वाकवणे होईल. पण गाणाऱ्याच्या आवाजात जे येते ते शब्दांत असतेच असे नाही.

सत्यनारायणाचे मात्र वेगळे. १४ ऑक्टोबर १९५६च्या बावीस प्रतिज्ञांनंतर ती कथा आमच्या घरात कशाला, हा आक्षेप रास्तच आहे. फक्त तो कोणावर घ्यायचा? गायकाचे पोट कोणत्या कप्प्यावर भरत होते ते आधी पाहावे लागेल. भक्तीची कॅसेट बारा महिने खपते. भीमगीताचा हंगाम १४ एप्रिलचा, दसऱ्याचा, ६ डिसेंबरचा.

हा वाद जुना आहे, आणि त्याचे एक टोक आमच्याच तालुक्यात आहे. हिवरगाव पावसाची पवळा, महाराची पोर. पठ्ठे बापूरावांच्या फडात तिने महाराष्ट्र वेडा केला. महाडच्या लढ्यासाठी बापूराव तमाशाच्या खेळांचे पैसे द्यायला निघाले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. आमच्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा नको, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण त्या नकारानंतर पवळेच्या कलेचे काय करायचे, हा प्रश्न आपण तसाच सोडला. शैलजा पाईक यांनी २०२२च्या आपल्या ग्रंथात तो पुन्हा हाती घेतला, तोही इंग्रजीत.

गीतकारांची कथा याहून वाईट. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो, खाली कंपनीचे नाव. गीतकार असलाच तर मुंगीएवढ्या अक्षरात, साल बहुधा नाहीच. वामनदादा कर्डक हे देशवंडीचे, म्हणजे आमच्या हद्दीला लागून असलेल्या सिन्नर तालुक्याचे. त्यांनी शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा घातली. संतांची ही जुनी रीत, पण कॅसेटच्या युगात तीच त्यांच्या मालकीचा एकमेव दाखला ठरली. तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवायला शेवटचे कडवे कापले की कवीच कापला जातो.

आणि विलास घोगरे? १९९७ साली रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर त्यांनी आत्महत्या केली. त्यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या १९८५च्या माहितीपटात राहिला. कंपन्यांच्या सूचीवर विसंबले तर असे गायक आपल्या इतिहासातून गळतील.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली, काही आठवड्यांच्या अंतराने गेले. त्यांच्या कॅसेटी अजून वस्त्यांतल्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत; फितीला बुरशी चढते आहे. नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या विद्यार्थ्यांनी त्या उघडून बाजू, क्रमांक, गीतकार, ढोलकीवाला, जे सापडेल ते वहीत उतरवावे. कव्वाली, भीमगीत, अभंग, सगळे एकाच वहीत, सालाच्या क्रमाने. सत्यनारायणाची कथा मी घरी लावणार नाही, पण त्या वहीत तिची ओळ तिच्या जागी असेल.