रुचीचा पालट

गवयांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. गाणे ऐकणारांविषयी त्या मानाने फारच थोडे. गवयाची तालीम, त्याचे घराणे, त्याचा रियाझ आणि त्याच्या लहरी यांच्या कथा सुशिक्षित घरांतून मुलांनाही पाठ असतात. परंतु ज्याच्यापुढे हे सारे मांडावयाचे, त्या श्रोत्याच्या कानालाही एक चरित्र असते, त्याचेही बाल्य आणि प्रौढपण निराळे असते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. त्यामुळे एखाद्या रसिकाची आवड बदलली की दोहोंपैकी एक गोष्ट हटकून त्याच्या वाट्यास येते. घरातील वडील मंडळी म्हणतात, ‘हा जुन्याला विसरला’; मित्रमंडळी म्हणतात, ‘आता कोठे याला गाणे कळू लागले.’ आमच्या मते हा ठपका आणि ही शाबासकी, दोन्ही सारखीच अस्थानी होत. ठपका देणारा आवड म्हणजे व्यक्तीची चाकरी असे समजतो. शाबासकी देणारा आवड म्हणजे जिना असे समजतो, आणि वरची पायरी गाठल्यावर खालची निरुपयोगी झाली असे मानून चालतो.

हा वाद घरापुरताच असता तर त्यासाठी कागद खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु संगीतावरील आपली टीकाही बहुधा ह्याच दोन समजुतींवर उभी असते, आणि म्हणून त्यांची थोडी झडती घेणे अवश्य वाटते.

मराठी मध्यमवर्गाचा कान प्रथम तयार झाला तो नाटकगृहात. १९११ चे ‘मानापमान’ आणि १९१६ चे ‘स्वयंवर’ ह्या दोन नाटकांनी जे केले ते कोणत्याही गायनशाळेला साधले नसते. पहिल्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, दुसऱ्याच्या भास्करबुवा बखले यांच्या. बुवांनी ख्यालाच्या बंदिशी नाट्यपदांच्या साच्यात अशा बेताने उतरविल्या की, ज्याने कधी मैफलीचे तोंड पाहिले नव्हते असा कारकून भूप आणि भीमपलास गुणगुणत कचेरीची वाट चालू लागला. त्या काळीही तट होतेच. बालगंधर्वांचे भक्त आणि केशवराव भोसल्यांचे भक्त एकमेकांस अरसिक म्हणत असत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस संयुक्त ‘मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या एका रात्री दोन्ही तटांना दोन्ही गळे ऐकणे भाग पडले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले. तो प्रयोग म्हणजे दोन नटांची झुंज होती असे सांगण्याचा परिपाठ आहे. आम्हांस त्यात श्रोत्यांची परीक्षा अधिक दिसते. एकाचा चढा, धारदार सूर आणि दुसऱ्याचा लडिवाळ, लयीशी खेळणारा स्वर ह्यांपैकी एकच खरा, असा हट्ट ज्याने त्या रात्रीनंतरही धरला असेल, त्याची निष्ठा कानाशी नसून नावाशी होती.

दुसरे वळण लावले ते ध्वनिमुद्रिकेने. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. अब्दुल करीम खाँ यांची गायकी मूळची संथ. एकेका स्वरावर विसावत, त्याची जवारी ऐकत राग हळूहळू उलगडावयाचा, ही तिची प्रकृती. तिला हे तीन मिनिटांचे कुंपण घातले गेले, आणि नवल असे की, खाँसाहेब घराघरात पोहोचले ते ह्या कुंपणातूनच. त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकून गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून पळाला, ही भीमसेन जोशी यांची कथा सर्वश्रुत आहे. तीन मिनिटांचे गाणे ऐकून बाहेर पडलेला तो मुलगा पुढे तास तास एक राग गाऊ लागला. तेव्हा आरंभीची आवड उथळ होती म्हणून ती टाकून द्यावी, हे म्हणणे टिकत नाही. विहीर खोल असली तरी पहिले पाणी पोहऱ्यानेच वर येते.

ह्या विषयावर मराठीत ज्या एका ग्रंथाची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही तो म्हणजे वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ (१९६१). वामनराव व्यवसायाने हिशेबतपासनीस. परंतु ग्वाल्हेर, किराणा व जयपूर अशा तिन्ही घराण्यांच्या गुरूंजवळ त्यांनी तालीम घेतली होती. ऐकण्याची एवढी शिस्त असलेला लेखक आपल्याकडे विरळा. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा: स्वर आणि लय ही गाण्याची दोन टोके होत. किराणा घराणे स्वराच्या टोकाशी उभे, आग्रा घराणे लयीच्या टोकाशी. आणि जयपूर घराण्यात दोहोंचा तोल साधला गेला आहे. ह्या मांडणीचे मोल फार मोठे आहे. तिच्यापूर्वी घराण्यांची चर्चा म्हणजे वंशावळ आणि आख्यायिका यांचा गोळा होता. वामनरावांनी प्रथमच श्रोत्याच्या हाती असे माप दिले की ज्याने त्याला स्वतःच्या आनंदाचे कारण सांगता यावे.

तथापि हे माप हाती आल्यावर आमच्या रसिकांनी त्याचे काय केले? त्याचा त्यांनी जिना केला. नाट्यपद ही पहिली पायरी, किराण्याचा आलाप ही दुसरी, आणि अल्लादिया खाँ यांच्या परंपरेतील अनवट व जोड राग, तानेची ती दाट वीण, ही माडी. केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांचे गाणे ज्याला भिडले तो पोहोचला, बाकीचे वाटेवर. ग्रंथकाराचा हेतू असा होता असे आम्ही म्हणत नाही, पण तोल जेथे आहे तेथेच पूर्णता आहे हा ध्वनी त्याच्या मांडणीतून निघतो, हे खरे. आणि तो आम्हांस मान्य नाही. तराजूचा काटा मध्ये आला म्हणजे पारड्यात काय आहे हे कळत नाही. करीम खाँचा एखादा स्वर ऐकताना ‘येथे लय कमी पडली’ असे ज्याला वाटते, त्याने गाण्याऐवजी माप ऐकले.

गवयांनी स्वतः हा जिना कधी मानलेला दिसत नाही. भास्करबुवांनी ग्वाल्हेरची तालीम फैज महंमद खाँकडून घेतली, आग्र्याची नथ्थन खाँकडून आणि जयपूरची अल्लादिया खाँकडून. मागचे विसरून पुढचे उचलले असे कोणी त्यांच्याविषयी म्हटलेले नाही. मल्लिकार्जुन मन्सूर ग्वाल्हेरच्या नीलकंठबुवांकडे शिकले, तरुणपणीच त्यांच्या तबकड्या निघाल्या, नाव झाले. आणि मग मंजीखाँ व त्यांच्यामागून भुर्जीखाँ यांच्यापुढे त्यांनी नव्याने शिष्य म्हणून बसावे, ही गोष्ट साधी नव्हे. आवडीचा पालट म्हणावयाचा तर हा. पण त्यांच्या उतारवयातील गाणे ज्यांनी ऐकले आहे, प्रस्तावना न करता रागाच्या गाभ्यात शिरणे आणि पसारा न मांडता सांगणे संपवून उठणे, त्यांना त्या जयपुरी विणीखाली ग्वाल्हेरचा मोकळा आकार ऐकू आल्यावाचून राहिला नसेल. गवयाच्या ठायी ज्याला आपण विद्येचा संचय म्हणतो, त्यालाच श्रोत्याच्या ठायी चंचलपणा का म्हणावे?

आमच्या मते पालट खरा की खोटा, ह्याची कसोटी एकच आहे. नव्या आवडीचा रसिक जुन्या गायकाकडे परत जाऊ शकतो काय, आणि गेला तर त्याला तेथे पूर्वी न ऐकलेले काही ऐकू येते काय? येत असेल तर कान वाढला. येत नसेल तर त्याने बिऱ्हाड बदलले एवढेच.

ह्या कसोटीचे सर्वांत सुंदर उदाहरण एका श्रोत्याचेच आहे. मात्र तो श्रोता स्वतः मोठा गायक होता. कुमार गंधर्व यांनी क्षयाच्या दुखण्यातून उठून देवासला राहून जे गाणे उभे केले, माळव्याची लोकगीते, निर्गुणी भजने, नवे राग, त्यामुळे महाराष्ट्रात त्यांचे जितके चाहते झाले तितकेच विरोधकही. परंपरा मोडणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखविले जात होते त्या ह्या माणसाने ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. नावातील ‘उमजलेले’ हा शब्द वाचकांनी तोलून पाहावा. बालगंधर्वांची नक्कल करणारे गल्लोगल्ली होते. त्यांची खालच्या पट्टीतील लाडिक आर्जवे आणि मुरक्या जशाच्या तशा उचलण्यात अनेकांची उमर गेली. कुमारांनी त्या मुरक्या सोडल्या आणि त्यांच्या पाठीमागचा विचार घेतला: शब्द तालाच्या कोणत्या मात्रेवर टेकतो, कोठे किंचित मागे रेंगाळतो, समेवर येण्याआधी किती थोडक्यात काम भागते. हे गाणे ऐकून जुन्या भक्तांपैकी कित्येक नाराज झाले, कारण त्यांना स्मृती हवी होती आणि त्यांच्यापुढे समीक्षा आली. आम्ही तर म्हणू की, बालगंधर्वांवर मराठीत झालेल्या टीकालेखनात एवढे चांगले लेखन थोडे. ते शाईने झाले नाही इतकेच.

किशोरी आमोणकर यांच्या बाबतीत वेगळीच गंमत झाली. मोगूबाईंची ही कन्या जयपूर परंपरेत वाढली, आणि तिने त्या परंपरेतील घट्ट वीण सैल करून आलापाला इतका अवकाश दिला की, घराण्याचे अभिमानी कपाळाला आठ्या घालू लागले. घराण्यापेक्षा रागाचा भाव मोठा, हे त्या उघड सांगत. किराण्याहून जयपूरकडे ‘चढलेला’ रसिक येथे गोंधळात पडला; कारण माडीवर जाऊन पाहतो तो तेथे त्याला खालच्या मजल्यावरचा विसावा भेटला. वामनरावांचे माप अशा ठिकाणी अपुरे पडते, आणि थोर कलावंताच्या ठिकाणी ते अपुरे पडावे हेच योग्य होय.

आता मैफलींच्या आठवणींविषयी. ‘तसे गाणे पुन्हा होणे नाही’ हे वाक्य प्रत्येक पिढीने आपल्या तरुणपणातील गायकाविषयी उच्चारले आहे. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव घ्या. रमणबागेच्या पटांगणात डिसेंबरच्या थंडीत शाल-कांबळी गुंडाळून बसलेले कुटुंबच्या कुटुंब, मध्यरात्रीचा चहा, मांडीवर झोपलेली मुले, आणि पहाटे कोणीतरी तोडीचा षड्ज लावल्यावर त्यांना हलवून जागे करणारी आई: ही आठवण ज्यांच्यापाशी आहे त्यांना ती गाण्यापासून सोडवून काढता येत नाही, आणि सोडवावी असेही आमचे म्हणणे नाही. मात्र तिच्या आधारे आजच्या गायकाला शिक्षा सुनावणे हा अन्याय आहे. आठवणीतील मैफलीत गायकाइतकाच आपल्या वयाचा वाटा असतो. उलट पक्षी, त्याच मैफलीचे मुद्रण ऐकून ‘एवढे काही विशेष नव्हते’ म्हणणारा तरुणही अर्धेच ऐकतो. मुद्रणात स्वर उतरतो, पण त्या रात्रीची वाट पाहणे उतरत नाही.

शिवाय एक गोष्ट अशी घडली आहे की तिचा रुचीवर होणारा परिणाम अजून कोणी नीट तपासलेला नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध आले, सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ते उचलून धरले, आणि रात्रभर चालणारी मैफल मोडली. शेजाऱ्यांच्या झोपेच्या दृष्टीने निर्बंध योग्यच आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पण परिणाम हा की, मुलतानी, मारवा, पूरिया, यमन हे सायंकाळचे राग श्रोत्याच्या कानी वारंवार पडतात, आणि दरबारी, अडाणा, मालकंस किंवा पहाटेचा ललित हे आपापल्या वेळी, समोर बसून ऐकण्याचा योग क्वचित येतो. ज्या तरुणाने दरबारीचा आंदोलित गंधार मध्यरात्री कधी ऐकलाच नाही, त्याला तो राग आवडत नाही म्हणून हिणविण्यात काय अर्थ? आपण ज्यास स्वतःची रुची म्हणतो तिच्यात घड्याळाचा, तबकडीच्या लांबीचा आणि सरकारी नियमाचा किती भाग असतो, हे प्रत्येकाने आपापल्यापुरते तपासून पाहण्याजोगे आहे.

ह्याच महोत्सवात एक प्रथा आहे. सारे गवई गाऊन झाल्यावर शेवटी खुद्द सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. १९५२ साली निवर्तलेल्या माणसाचा तो तबकडीतला आवाज ऐकावयास, ताजे गाणे ऐकून तृप्त झालेला समुदाय थांबतो. त्यांतील काही भक्तीने थांबतात, काही रिवाज म्हणून. पण कित्येक जण, दरवर्षी तीच तबकडी असूनही, खरोखर ऐकतात.

अशा ऐकणारांनी आता लेखणी हाती धरावी, अशी आमची विनंती आहे. गोविंदराव टेंबे यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिला. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ ह्या नावाने गायकांवर निर्भीडपणे लिहिले. वामनरावांनी सिद्धांत दिला आणि पुढे गायकांची शब्दचित्रेही काढली. पण हे सारे स्वतः गाणारे-वाजविणारे. ज्याने कधी तंबोरा जुळविला नाही, केवळ पन्नास वर्षे ऐकले, कोणत्या वर्षी कोण आवडले, का आवडेनासे झाले आणि पुन्हा केव्हा नव्याने आवडले हे ज्याला ठाऊक आहे, अशा गृहस्थाची किंवा गृहिणीची वही आम्हांस पाहावयास हवी आहे. तीत गवयांचे मोठेपण नसले तरी चालेल. तारखा मात्र खऱ्या असाव्यात.