पहारेकरी आणि वाटाड्या

डोंगरावर एकटें राहून आलेल्या माणसाचें पुस्तक हातीं आलें, कीं तें थोर असणार असें आपण पहिलें पान उलटण्यापूर्वींच ठरवून टाकतो. या मोहिनीची एकदां परीक्षा व्हावी, या हेतूनें आम्हीं तीन अमेरिकन पुस्तकें एकापाठोपाठ वाचलीं. आमचा निर्णय पुष्कळांस विपरीत वाटेल. पण तो सांगितलाच पाहिजे.

पहिलें जॅक केरुआक याचें 'डेसोलेशन एंजल्स' (१९६५). १९५६ च्या उन्हाळ्यांत केरुआकनें वॉशिंग्टन राज्यांतील डेसोलेशन शिखरावर वणव्यांचा पहारेकरी म्हणून ६३ दिवस काढले. समोर होझोमीन पर्वत आणि खोलींत वेळ काढावयास स्वतःच रचलेला पत्त्यांचा खेळ! शिखरावर परमेश्वर भेटेल या आशेनें गेलेल्या या लेखकाची गांठ अखेर स्वतःशींच पडते, आणि तें तो प्रांजळपणें कबूल करतो. या प्रांजळपणाबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु पुस्तक मिटल्यावर त्या डोंगरावर काय उगवतें, केव्हां फुलतें, हें विचाराल तर सांगतां येणार नाहीं. डोंगर येथें आरसा झाला आहे.

दुसरें एडवर्ड ॲबी याचें 'डेझर्ट सॉलिटेअर' (१९६८). यूटा राज्यांतील आर्चेस येथें हंगामी रक्षक म्हणून केलेल्या नोकरीचें हें फळ. ॲबीची दृष्टि तीक्ष्ण आहे, त्याला वाळवंट खरोखर दिसतें, आणि मोटाररस्त्यांवरचा त्याचा संताप खरा आहे. रस्त्याच्या आंखणीच्या खुंट्या उपटून टाकण्याचा प्रसंग कोण विसरेल? तरीहि एक उणीव आम्हांस सलते. येणारा प्रवासी त्याला बहुधा उपद्रव वाटतो, शिकवण्याजोगा माणूस क्वचितच.

तिसरें पुस्तक मात्र ललित वाङ्मयाच्या कपाटांत कोणी ठेवणार नाहीं. नॅन्सी स्लॅक आणि ॲलिसन बेल यांची न्यू इंग्लंडच्या उंच माथ्यांवरील सृष्टीची ही मार्गदर्शिका १९९५ सालीं अॅपलेशियन माउंटन क्लबनें प्रसिद्ध केली. या मंडळाचीं न्यू हँपशरच्या व्हाइट पर्वतांत पांथस्थांसाठीं आठ निवारागृहें आहेत. त्यांपैकीं 'लेक्स ऑफ द क्लाउड्स' हें १९१५ मध्यें बांधलेलें गृह सुमारें ५००० फुटांवर आहे. शेजारच्या मौंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजीं ताशीं २३१ मैल वेगाचा वारा नोंदला गेला. उन्हाळ्यांत या गृहांतून सृष्टिनिरीक्षक राहतात. दिवसां पाहुण्यांस माथ्यावर हिंडवून फुलें ओळखावयास शिकवावें आणि रात्रीं जेवणानंतर चार गोष्टी सांगाव्या, असें त्यांचें काम. सकाळीं श्रोते निघून जातात. संध्याकाळीं नवे येतात.

या कामाचें मोल काय, तें एका रोपट्याच्या हकीकतीवरून कळेल. 'रॉबिन्स सिंकफॉइल' हें पिवळ्या फुलांचें, जेमतेम इंचभर पसरणारें रोपटें जगांत केवळ याच पर्वतांत आढळतें. एकोणिसाव्या शतकांत संग्राहकांनीं तें उपटून नेलें. आणि १८१९ मध्यें पाडलेली क्रॉफर्ड वाट त्याच्या मुख्य वस्तीमधून गेल्यामुळें उरलेलें पायांखालीं चिरडलें. तुडवणारे दुष्ट नव्हते. आपण काय तुडवतों हें त्यांना ठाऊक नव्हतें, इतकेंच. १९८० मध्यें तें संकटग्रस्त ठरलें. पुढें वाट वळवली, दगडांची बुटकी भिंत घातली, नवीं रोपें वाढवून लावलीं, आणि २००२ मध्यें तें संकटग्रस्तांच्या यादींतून बाहेर आलें. भिंत अर्थातच बुटकी होती. पाय उचलून कोणीहि पलीकडे जाऊं शकला असता. तो पाय अडावा म्हणून कोणीतरी आदल्या रात्रीं दिव्याजवळ बसून समजावून सांगावें लागतें.

म्हणून या साध्या मार्गदर्शिकेस आम्ही वरचा मान देतों. ती वाचून माणूस खालीं पाहावयास शिकतो. तथापि पक्षपात नको. या पुस्तकांत फुलें आहेत, सांगणारा नाहीं. तोच प्रश्न शंभराव्यांदा ऐकून तितक्याच आस्थेनें उत्तर देणें, थकलेल्या वाटसरूची झोंप उडवणें, जूनमध्यें दाखवलेलें फूल ऑगस्टांत नुसत्या पानांवरून पटवून देणें, यांतलें कांहींच येथें उतरलेलें नाहीं. ही पोथी आहे, कीर्तन नव्हे. केरुआकची प्रांजळता, ॲबीची दृष्टि आणि या दोघींचें ज्ञान एका लेखणींत आलें, तर निवारागृहांतील त्या हंगामाचें खरें पुस्तक होईल. आमच्या वाचनांत तें अद्याप आलेलें नाहीं.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडतां येणार नाहीं. कासच्या पठारावर फुलांच्या ताटव्यांत बसून छायाचित्र काढून घेणारीं सुशिक्षित कुटुंबें आपण पाहिलीं आहेत. कदाचित् त्यांत आपणहि होतों. तेथें कुंपणें झालीं, येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा पडली. पण आपण बसलों त्या जागीं काय उगवलें होतें, त्याचें नांव आपणांपैकीं किती जणांस सांगतां येईल? आपल्या भाषेंत एकांताचें कौतुक करणारे लेखक पुष्कळ होतील. आम्हांस हवा आहे तो, संध्याकाळीं चार अनोळखी माणसांत बसून त्या फुलांचीं नांवें सांगणारा.