काळ्या घनाची किंमत

पुस्तकाच्या किमतीवर समीक्षकाने बोलू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. कादंबरी बरी की वाईट एवढं सांगा, ती दोनशेची की पाचशेची हे गिऱ्हाईक आणि दुकानदार बघून घेतील. टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या बाबतीत हा संकेत आम्हाला पाळता येत नाही. तो का पाळता येत नाही, हे आज एका खेळाच्या आधाराने मांडतो. खेळ आहे ‘इनव्हिजिबल सन’.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि नियम व फासे यांच्या आधाराने बोलत बोलत गोष्ट घडवतात. लागतं काय? एक पुस्तक, फासे, पेन्सिल. तेही बहुधा सूत्रधार एकटाच विकत घेतो.

२०१६ मध्ये माँटी कुक गेम्स या अमेरिकी कंपनीने किकस्टार्टरवर ‘इनव्हिजिबल सन’ जाहीर केला आणि वर्गणीचा आकडा ठेवला १९७ डॉलर. तेव्हाच्या दराने तेरा हजार रुपयांच्या आसपास. त्या वेळी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची तीन मूळ पुस्तकं छापील किमतीला दीडशे डॉलरच्या आत मिळत होती, आणि खेळाडूला त्यातलं एकच पुरत होतं. साहजिकच चाहत्यांमध्ये वाद पेटला. तरी साडेसहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि २०१८ मध्ये खोकी घरोघर पोचली. खोकं म्हणजे एक मोठा काळा घन. आत चार जाड पुस्तकं, साठ गोल पत्ते, सूर्यांचा मार्ग दाखवणारा पट, आणि पत्ता धरून ठेवणारी हाताच्या आकाराची एक मूर्ती. या हातावरूनच सगळ्यात जास्त भांडणं झाली!

बाजूने बोलणाऱ्यांचा लाडका हिशेब तासांचा. सिनेमाचं तिकीट एवढं, तो दोन तासांचा. हा खेळ पाच जण वर्षभर खेळले तर माणशी तासाला किती पडतो बघा. ऐकायला बिनतोड वाटतं. पण या हिशेबाने फासे आणि कोरी वही जगातली सर्वोत्तम कलाकृती ठरेल. शिवाय त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की खेळ खरोखर खेळला जाईल. अशी कितीतरी खोकी कपाटात शोभा देत बसतात, हे चाहत्यांनाही ठाऊक असतं. विरुद्ध बाजूचा युक्तिवादही असाच तोकडा आहे. ‘शेवटी हे कागदच ना’ म्हणणारे विसरतात की या धंद्यात लेखकाला शब्दामागे काही सेंट मिळतात आणि स्वस्त पुस्तकाचा भार बहुतेक वेळा त्याच्याच अंगावर पडतो.

आमचं म्हणणं असं, की किंमत हा या खेळाच्या आशयाचाच भाग आहे. यातली पात्रं जादूगार आहेत. आपलं हे साधं जग म्हणजे नुसती सावली, असं मानणारे निवडक लोक. गुपितं हेच त्यांचं धन. असा खेळ बंद काळ्या घनात, मोजक्यांना परवडेल अशा दराने येतो तेव्हा वेष्टनही तेच बोलत असतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन बैठकींच्या मध्ये एकट्याने किंवा दोघांनी पत्ते काढून गोष्ट पुढे नेण्याची सोय या खेळात मुद्दाम केली आहे. ती कोणासाठी? ज्यांची नोकरी, मुलंबाळं यांतून मंडळी एकत्र जमतच नाहीत त्यांच्यासाठी. पैसा आहे, वेळ नाही, असा प्रौढ माणूस नियमांनी डोळ्यांसमोर ठेवला आहे, आणि १९७ हा आकडाही त्यालाच उद्देशून आहे. रचना म्हणून हे फार नेटकं आहे, आम्ही ते मान्य करतो. पण हा छंद वाढवला तो पैसे नसलेल्या, वेळ भरपूर असलेल्या पोरांनी. १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चं पहिलं खोकं दहा डॉलरला होतं, तेही अनेकांना जड गेलं आणि नियमांच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरल्या. गोल पत्त्यांची आणि मूर्तीची झेरॉक्स कशी काढणार?

मग स्वस्त हेच उत्तर का? तर नाही. त्याच वर्षी, २०१६ मध्येच, ‘सेव्हन्थ सी’ची दुसरी आवृत्ती किकस्टार्टरवर आली. चाळीस डॉलरमध्ये नव्या आवृत्तीच्या सगळ्या पीडीएफ, वर जुन्या आवृत्तीच्याही. अकरा हजारांवर वर्गणीदार, तेरा लाख डॉलर. रक्कम वाढेल तशी पुस्तकांची आश्वासनंही वाढत गेली. म्हणजे एकदाच घेतलेल्या चाळीस डॉलरवर पुढच्या कित्येक पुस्तकांचं लेखन, चित्रं, संपादन उभं करायचं. २०१९ मध्ये हा खेळ केऑसियम या जुन्या कंपनीकडे गेला आणि राहिलेली पुस्तकं देण्याची जबाबदारीही तिच्याकडे गेली. ज्या दराचं चाहत्यांनी ‘केवढं मिळतंय’ म्हणून कौतुक केलं, तो दर काम निभावण्याचा नव्हता, असंच आम्हाला दिसतं.

आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत योजना असते, ग्रंथ निघण्याआधी पैसे भरायचे. ज्ञानकोशकार केतकरांनीही गावोगाव वर्गणीदार मिळवले होते. तिथे वर्गणीदाराला खंड हवे असत, आणि काम उभं राहावं असंही वाटत असे. किकस्टार्टरवरचा चाहता याच दोन भूमिकांमध्ये लटकतो. भाव करताना तो गिऱ्हाईक असतो, उशीर झाला की आश्रयदाता. दोन्ही तोंडांनी बोलतो, म्हणून वाद मिटत नाही.

आता आमचा निवाडा. ‘इनव्हिजिबल सन’मधले पत्ते आणि पट खेळात खरंच काम करतात : पटावर उघडलेल्या पत्त्याने जादूचा जोर बदलतो, टेबलावरचं वातावरण बदलतं. त्यांचे पैसे वसूल. चार पुस्तकं मात्र दोनांत बसली असती. एकाच विषयासाठी तीन ठिकाणी पानं उलटावी लागतात. पुढे पीडीएफ आवृत्ती निघाली, तिच्यात नियम सगळे आहेत आणि खेळ चालतो. हात त्या आवृत्तीबरोबर येत नाही, आणि त्याच्यावाचून कुणाचं अडल्याचं आम्हाला तरी दिसत नाही.