चाकोरीबाहेर

आम्हा लिहिणाऱ्या मंडळींत 'चाकोरीबाहेरचा' हा शब्द मोठ्या मानाचा आहे. कादंबरीला परीक्षकाने 'चाकोरीबाहेरची' म्हटले की लेखकाच्या घरी दिवाळी आधीच येते. माझ्या पहिल्या कादंबरीलाही हे विशेषण एकदा लाभले होते. ते कात्रण मी अजून ट्रंकेत जपून ठेवले आहे. पण गेल्या वर्षीच्या भाद्रपदात या शब्दाचा मूळ अर्थ मला अगदी पायाखाली पाहायला मिळाला, आणि तेव्हापासून तो मान मला जरा बोचू लागला आहे.

झाले असे की, माझा भाचा गणपतीला मुंबईहून आला तो नवी कोरी जीप घेऊन. चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचणारी, उंच, रुंद टायरांची. जिथे रस्ता नाही तिथे जाण्यासाठीच जणू जन्मलेली. गौरीगणपतींचे विसर्जन झाले आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या मित्रांना घेऊन गावामागच्या सड्यावर गेला.

सडा म्हणजे काय, हे देशावरच्या वाचकांना सांगायला हवे. रत्नागिरीकडे डोंगर चढून वर जावे तो माथ्यावर शिखर नसतेच. दूरवर पसरलेला जांभ्या दगडाचा सपाट कातळ असतो. वैशाखात तो असा तापतो की अनवाणी पाऊल टेकवत नाही. झाड नाही, सावली नाही. आम्हा कोकणवासीयांचे वाळवंट म्हणाल तर ते हेच.

तासाभराने मी मागून पायी गेलो. पाहतो तो काय! साचलेल्या उथळ पाण्यातून, सीतेच्या आसवांच्या निळ्याजांभळ्या गालिच्यातून, गेंदाच्या पांढऱ्या बोंडांतून दोन समांतर लाल रेघा गेलेल्या. वळणे घेत, गिरक्या घेत. मी रागावलो. भाचा ओशाळला, पण बोलल्याशिवाय राहिला नाही.

"मामा, आम्ही शेतं टाळली, बागा टाळल्या. इथं काहीच नाही म्हणून तर इथं आलो. आणि हे तुम्हीच लिहिलंय की!"

त्याचे खरे होते. माझ्या त्या कादंबरीचा नायक सडा ओलांडून जातो, तेव्हा मी लिहून गेलो आहे की सडा हे एक मेलेले जनावर आहे आणि त्याचे हाडच तेवढे उरले आहे. वाक्य लोकांना आवडले होते. मलाही आवडले होते. ते लिहिताना मी खाली वाकून पाहिले नव्हते, एवढेच.

त्या दिवसापासून एका प्रश्नाने मला धरले. ओसाड म्हटल्या जाणाऱ्या भूमीत जे लेखक गेले, कुणी मोटारीने, कुणी उंटावरून, कुणी पायी, त्यांच्या शब्दांनी त्या भूमीचे काय केले? तिला जपले, की तिच्यावर चाक घालायला वाचकाला मोकळीक दिली? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी पुस्तक मी शेजारी कोश ठेवूनच वाचतो. तरी वर्षभरात तीन इंग्रजी आणि एक मराठी पुस्तक या एकाच दृष्टीने वाचून काढले. त्यांचे हे परीक्षण.

पहिले पुस्तक राल्फ बॅग्नॉल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे, 'लिबियन सँड्स', १९३५ सालचे. बॅग्नॉल्ड आणि त्याचे सोबती यांनी फोर्डच्या साध्या मोटारी इजिप्त-लिबियाच्या वाळूच्या समुद्रात घातल्या. मऊ वाळूत टायरांतली हवा कमी करावी. रुतलेल्या चाकापुढे लोखंडी पट्ट्या सरकवाव्यात. रेडिएटरची वाफ डब्यात धरून तिचे पुन्हा पाणी करावे. लोखंडी गाडीत चुंबकसूची फसवते म्हणून सूर्याच्या सावलीवर चालणारे होकायंत्र वापरावे. वाळवंटात मोटार हाकण्याची ही विद्या या मंडळींनी मोठ्या कष्टाने जमवली. पुस्तकात बढाई नाही. वाळूपुढे तो विद्यार्थ्यासारखा बसतो, आणि हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

पण पुस्तकाच्या पोटशीर्षकापाशी मी अडखळलो. 'मेलेल्या जगातला प्रवास' असा त्याचा अर्थ. म्हणजे माझेच वाक्य! मौज अशी की, याच बॅग्नॉल्डने पुढे १९४१ साली वाळूच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला. वारा कण कसा उचलतो, कण उडी कशी घेतो, टेकडी कशी वाढते, कशी सरकते, हे त्याने मोजून दाखवले. ज्या जगाला तो मेलेले म्हणाला, त्याचीच चाल मोजण्यात त्याने उमेदीची वर्षे घालवली. शास्त्रज्ञ बॅग्नॉल्डने लेखक बॅग्नॉल्डला खोडून काढले, असे मी म्हणेन. वाकून पाहिले की शीर्षके टिकत नाहीत.

दुसरे पुस्तक याच्या अगदी उलट स्वभावाचे. विल्फ्रेड थेसिजरचे 'अरेबियन सँड्स', १९५९ सालचे. अरबस्तानच्या दक्षिणेस जे महावाळवंट आहे, त्याला इंग्रजीत 'रिकामा चतकोर' अशा अर्थाचे नाव आहे. थेसिजरने १९४६ ते १९४८ या काळात बदाऊंच्या सोबतीने, उंटावरून, ते दोनदा ओलांडले. मोटारीचा त्याला तिटकारा. हा लेखक रिकाम्या प्रदेशाला माणसांनी भरून टाकतो. त्याचे सोबती वाळूतला उंटाचा माग पाहून उंट कुणाचा, कुठून आला, हे सांगतात. हे वाचताना मला आमच्या इथली जुनी गुराखी मंडळी आठवली. पाऊल वाचता येते. पावलात चालणाऱ्याची कहाणी असते. चाकाच्या रेघेत काय वाचायचे?

तरीही या थोर पुस्तकाशी माझे एका ठिकाणी भांडण आहे. मोटारी आल्या आणि त्याचे वाळवंट संपले, असा त्याचा शोक आहे. शोक खरा आहे. पण तो पाहुण्याचा शोक आहे. आमच्या वाडीत रस्ता नव्हता, तेव्हा अडलेल्या बाळंतिणीला डोलीतून डोंगर उतरवावे लागे. ज्याने ती डोली खांद्यावर घेतली, तो मोटारीला शिव्या देणार नाही. भूमी जपायची म्हणून तिथल्या माणसाने मागासच राहावे, हा न्याय मला मान्य नाही. प्रश्न चाक असावे की नसावे हा नव्हे. ते कुठून न्यावे, हा आहे.

तिसरे पुस्तक अमेरिकेच्या एडवर्ड ॲबीचे, 'डेझर्ट सॉलिटेअर', १९६८ सालचे. हा गृहस्थ १९५६ आणि १९५७ साली युटाच्या आर्चेस येथील राखीव प्रदेशात रखवालदार होता. मोटारीतून न उतरता निसर्ग पाहणाऱ्या प्रवाशांवर त्याने जी आग पाखडली आहे, तिची धग अजून लागते. राष्ट्रीय उद्यानांत मोटारी नकोतच, लोकांनी उतरावे आणि चालावे, हा त्याचा हेका. पण पुस्तकाच्या शेवटाकडे तो 'मेझ' नावाच्या दुर्गम दऱ्यांच्या चक्रव्यूहात जातो, आणि जातो तो लँडरोव्हर जीपमध्ये बसून! काही वाचकांना हा दांभिकपणा वाटेल. मला उलट वाटते. हा विसंवाद तो लपवीत नाही. आणि म्हणूनच तो मला आपल्यातला वाटतो. आपण सारेच सकाळी जीपला नावे ठेवणारे आणि दुपारी तिच्यात बसणारे आहोत.

ॲबीच्या त्या प्रदेशातली माती आपल्या सड्याची बहीण शोभावी. तिच्यावर शेवाळ, दगडफूल आणि डोळ्यांना न दिसणारे जीव यांची काळपट खपली असते. ती वाळू धरून ठेवते, पाणी मुरवते. एका चाकाखाली ती चुरते आणि पुन्हा धरायला दशके लागतात. अमेरिकेतल्याच मोहावे वाळवंटात १९४२ साली सैन्याने रणगाड्यांचा सराव केला. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. १९८५ साली तिथल्या वनखात्याने जीपवाल्यांसाठी 'हलक्या पावलाने जा' अशा अर्थाची एक मोहीम काढली. तिचे सार एवढेच, की आहे त्या वाटेनेच जा, नवी वाट पाडू नका.

आता चौथे पुस्तक, आपले. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. ती प्रवासवर्णन नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण तिच्यात एक मास्तर रखरखीत माणदेशातून पायी चालत धनगरांच्या वाडीवर येतो, आणि मीही मास्तरच. माडगूळकरांच्या लेखणीत ती भूमी कोरडी आहे, निष्ठुर आहे, शेवटी दुष्काळ वाडी उठवतो. पण ती कधीही रिकामी नाही. मेंढरू, पाखरू, बाभळ, धूळ, प्रत्येकाला तिथे जागा आहे. ही कादंबरी वाचून माणदेशाच्या माळावर उगाच गाडी फिरवावी असे कुणाला वाटेल, हे मला संभवत नाही. भूमी जपा, असे तिच्यात कुठेही म्हटलेले नाही. नुसते नीट पाहिले आहे. माझ्या मते चारांत तिची पायरी वरची, ती याचसाठी.

हा निवाडा दिल्यावर स्वतःच्या वाक्याकडे वळणे भाग आहे. मी ज्याला हाड म्हणालो, त्या सड्यावर काय आहे? मृगाच्या पावसाबरोबर दीपकाडीची पांढरी फुले उमलतात. ती आमच्या कोकणच्या सड्यांचीच. मग कीटक खाणारे दवबिंदू, गेंद, सीतेची आसवे. ही सारी वनस्पती बोटभर मातीवर आणि वीतभर पाण्यावर आपला संसार उरकते. चाकोरी पडली की ते पाणी तिच्यातून निघून जाते आणि जाताना माती घेऊन जाते. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालते, ती खड्यांसारखी दिसतात. चालणाऱ्याला ती ओरडून परतवते. जीपमध्ये तिचे ओरडणे ऐकू येत नाही.

आणि त्याच कातळावर आपल्या कुणा पूर्वजांनी कोरलेली चित्रे आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती यांनी गावकऱ्यांना विचारीत, उन्हातान्हात हिंडून शेकडो कातळशिल्पे उजेडात आणली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरले आहेत. कोकणात आज नसलेला गेंडाही या चित्रांत सापडतो. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणे गेली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली, उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. ही शिल्पे म्हणजे उथळ खोदलेल्या रेषा; वर माती-गवत असले तर मोटारवाल्याला काय, मलाही ती दिसली नसती.

मात्र सारा दोष पाहुण्यांच्या जीपवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. चिरेखाणी आम्हीच काढतो. आंब्याची कलमे लावायला कातळात सुरुंग आम्हीच लावतो. सातबाराच्या उताऱ्यावर अशा जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात, आणि हा शब्द कुठल्या मुंबईकराने आणलेला नाही. खराबा म्हटले की खराब करायला हात धजतो. मेलेले म्हटले की मारल्याचे पाप लागत नाही. आधी शब्द जातो; चाक त्याच्या मागून जाते.

आमच्या सड्यावर एक जुनी गाडीवाट आहे. बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी कातळात दोन चर पडले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या गाडीवान त्या चाकोरीतूनच गेले. म्हणून उरलेला सडा शाबूत राहिला. साहित्यात चाकोरी मोडणाऱ्याचा सत्कार करावा, माझी ना नाही. सड्यावर मात्र चाकोरी पाळणाराच रसिक.

यंदाच्या गणपतीत भाचा पुन्हा आला. जीप त्याने सड्याच्या कडेला, गाडीवाटेवर उभी केली आणि आम्ही पायी गेलो. त्याची सहा वर्षांची मुलगी आसवांपाशी उकिडवी बसली ती उठेचना. गेल्या वर्षीच्या रेघा अजून दिसत होत्या. त्यांच्यात फूल नव्हते. भाचा त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होता. मी काही बोललो नाही. बोलायचा अधिकार मला तरी कुठे होता?

कादंबरीची नवी आवृत्ती निघेल तेव्हा ते वाक्य काढावे, असे मी प्रकाशकांना कळवले आहे. दुसरे अजून सुचलेले नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सुटी असेल, गाडी दाराशी असेल आणि कोकणात यायचा बेत ठरत असेल. अवश्य या. सडा तेव्हा सुकू लागलेला असेल. फुले संपलेली, गवत पिवळे, पाहणाऱ्याला वाटावे की इथे काही नाही. पण पुढच्या मृगाचे बी तेव्हाच कातळाच्या भेगांत पडलेले असते. गाडी कडेला ठेवा, आणि मुलांना पुढे चालू द्या.