भीष्म ब्रिटनच्या पदरी
संगणकीय युद्धखेळातील रणगाडे आणि आपला इतिहास

'वॉर थंडर' हा संगणकावर खेळायचा युद्धखेळ २०१२ च्या अखेरीस सर्वांसाठी खुला झाला. तेव्हा त्यात फक्त विमाने होती. २०१४ मध्ये रणगाडे आले, नंतर युद्धनौका आल्या. इंटरनेटवर देशोदेशीचे खेळाडू एकाच वेळी एकाच रणांगणावर उतरतात. यातील प्रत्येक वाहन कधी तरी खरोखर बांधले गेले होते किंवा निदान आराखड्यापर्यंत तरी पोहोचले होते, असा या खेळाचा अभिमान आहे. काही महिन्यांनी नवी वाहने दाखल होतात आणि अमुक देशाचा तमुक रणगाडा का नाही, म्हणून खेळाडू हट्ट धरतात.

जळगाव-धुळ्याकडची मुले मोबाईलवरचे खेळ जास्त खेळतात. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली आणि पुढल्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, हे घरोघरी माहीत आहे. त्या खेळांत वाहन हे पळण्याचे साधन असते. 'वॉर थंडर'मध्ये वाहन हाच नायक आहे. म्हणून परीक्षणासाठी हा खेळ निवडला. प्रश्न एवढाच की, युद्धातले वाहन खेळात उतरते तेव्हा त्याच्यासोबत इतिहास किती उतरतो?

वंशावळीचा घोळ

या खेळात प्रत्येक देशाची एक वंशावळ असते. सर्वांत जुनी, हलकी वाहने बुडाशी आणि आधुनिक वाहने शेंड्याला. अमेरिका, जर्मनी, रशिया, ब्रिटन, जपान, चीन, इटली, फ्रान्स, स्वीडन आणि इस्रायल यांना अशी स्वतंत्र वंशावळ मिळाली. भारताला मिळाली नाही. भारतीय लष्कराचा 'भीष्म' रणगाडा, पुढे सुरुंग उकरणारा नांगर जोडलेला, पैसे मोजून घ्यायच्या वाहनांत ठेवलेला आहे, आणि तो ब्रिटनच्या वंशावळीत.

'विजयंता'च्या बाबतीत अशी मांडणी एक वेळ समजू शकते. तो रणगाडा व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीच्या आराखड्यावरून झाला, त्यावर ब्रिटिश घडणीची १०५ मिलिमीटरची तोफ होती आणि चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात १९६५ पासून तो तयार होऊ लागला. भीष्मचे तसे काही नाही. तो रशियन टी-९०. २००१ मध्ये ३१० रणगाड्यांचा करार रशियाशी झाला आणि पुढची बांधणी आवडीलाच होऊ लागली. आराखडा मॉस्कोकडचा, बांधणी तमिळनाडूची, दल भारताचे. यात लंडन कुठे बसते? १९४७ पूर्वीच्या राज्यसंबंधाखेरीज दुसरा धागा सापडत नाही. महाभारतातला भीष्म मनाने पांडवांकडे आणि अन्नाने कौरवांकडे होता. इथल्या भीष्माला तेवढेही निमित्त नाही.

निर्मात्यांची अडचण खोटी नाही. स्वतंत्र वंशावळ उभी करायची तर खालपासून वरपर्यंत पुरेशी वाहने लागतात आणि भारताने दीर्घकाळ दुसऱ्यांचे रणगाडे वापरले. पण मग इस्रायलचे काय? अमेरिकन शर्मनवर फ्रेंच तोफ चढवून त्याने आपली वंशावळ सुरू केली. आपल्या लष्करानेही १९६५ च्या आधी काही शर्मनवर फ्रेंच ७५ मिलिमीटरची तोफ चढवली होती. एकाची डागडुजी ती प्रतिभा आणि दुसऱ्याची ती उसनवारी, असा भेद करायला आधार नाही. परक्याचे यंत्र आपल्या मातीला, आपल्या खिशाला जुळवून घेणे हीही निर्मितीच असते. खानदेशातल्या कुठल्याही ट्रॅक्टर गॅरेजात जाऊन पाहा.

साधने आणि त्यांचा उपयोग

या खेळाची एक गोष्ट मात्र कौतुकाची आहे. एखाद्या रणगाड्याच्या चिलखताची जाडी किंवा तोफेचा वेग चुकला आहे असे खेळाडूला वाटले, तर त्याला पुरावा द्यावा लागतो. एक अस्सल मूळ साधन किंवा दोन दुय्यम साधने. ऐकीव गोष्ट चालत नाही. वि. का. राजवाड्यांचे अखेरचे दिवस ज्या धुळ्यात गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये जिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या गावच्या माणसाला हा नियम ओळखीचा वाटतो. कागद दाखवा, मग बोला. इतिहासाच्या पदवीवाचून संशोधनाच्या वाटेला लागलेल्या माझ्यासारख्याला तर अशी दारे विशेष प्रिय असतात, कारण तिथे पदवी कोणी विचारत नाही.

पण राजवाडे कागद कशासाठी गोळा करीत, हे विसरून चालणार नाही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांतली पत्रे त्यांनी त्या काळचा समाज आणि राज्यकारभार समजावा म्हणून छापली. खेळात कागद येतो तो आकडा ठरवण्यासाठी. चिलखत किती जाड, गोळा किती भेदक, इंजिन किती अश्वशक्तीचे. तो रणगाडा कुणी चालवला, कुठे रुतला, कुणी ओढून काढला, ही माहितीही कागदांतच असते. पण तिला आकडा लावता येत नाही, म्हणून ती बाहेर राहते. साधननिष्ठा पुरेपूर आहे, पण तिचा प्रवास वस्तूपाशी संपतो.

या निष्ठेचे टोकही दिसले आहे. २०२१ मध्ये ब्रिटनच्या चॅलेंजर-२ रणगाड्याची गोपनीय कागदपत्रे, केवळ खेळातली जुळणी चुकीची आहे हे सिद्ध करण्यासाठी, एका खेळाडूने सर्वांसमोर मांडली. त्याच वर्षी फ्रान्सच्या लेक्लर्कच्या बाबतीत आणि २०२२ मध्ये चिनी तोफगोळ्याच्या बाबतीत तसेच घडले. कंपनीने ती पाने काढून टाकली. ज्यांच्या जिल्ह्यात दोन आयुधनिर्माणी आहेत त्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. वाद जिंकण्याच्या ईर्ष्येत घरातला कागद बाहेर ठेवणारा मुलगा देशद्रोही नसतो. पण परिणाम त्याचा हेतू पाहून होत नाही.

तोल

खेळ रंगायचा तर दोन्ही बाजू तुल्यबळ हव्यात. त्यासाठी प्रत्येक वाहनाला एक क्रमांक दिलेला असतो आणि जवळपासच्या क्रमांकांची वाहने समोरासमोर येतात. क्रमांक ठरतो तो वाहनाच्या ताकदीवरून आणि खेळातल्या कामगिरीवरून. ते कोणत्या साली, कुणाविरुद्ध लढले याला दुय्यम स्थान. खेळाच्या दृष्टीने हे रास्त आहे. इतिहासाच्या दृष्टीने इथेच मूळ घाव बसतो, कारण प्रत्यक्ष युद्धे तुल्यबळ नसतात.

सप्टेंबर १९६५ मधली असल उत्तरची लढाई घ्या. पंजाबात खेमकरणच्या परिसरात पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर आपल्याकडे सेंच्युरियन होते. पण त्यांच्या जोडीला डेक्कन हॉर्सचे, दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीतले शर्मन होते आणि हलके फ्रेंच एएमएक्स-१३ होते. क्रमांकांच्या हिशेबात शर्मन आणि पॅटन सहसा एका रणांगणावर येऊच नयेत. पण ते आले. शेतांत पाणी सोडलेले, उभ्या उसात आपले रणगाडे नालेच्या आकारात दबा धरून. ओल्या शेतात जड वाहनाचे काय होते हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. आषाढात काळ्या रानात रिकामी बैलगाडीही बसते. पॅटन तिथे फसले आणि मोठ्या संख्येने निकामी झाले. अब्दुल हमीद यांच्याकडे तर रणगाडाही नव्हता. जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची तोफ होती, चिलखत शून्य. अनेक पॅटन टिपून १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

झोजीला हे याहून बोलके उदाहरण. १९४८ च्या १ नोव्हेंबरला ११,००० फुटांहून अधिक उंचीवरच्या त्या खिंडीत ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे उतरले आणि लडाखची वाट मोकळी झाली. ते श्रीनगरमार्गे नेताना ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे बुरूज उतरवले होते, आणि सैन्याच्या अभियंत्यांनी पायवाट रणगाड्याजोगी रुंद केली होती. खेळात स्टुअर्ट हे नवशिक्याचे, तळच्या पायरीचे वाहन. चार दिवस खेळून मुले ते मागे टाकतात. झोजीलावर त्याच्यासमोर रणगाडाच नव्हता, म्हणून त्या दिवशी त्या खिंडीत त्याच्याइतके प्रबळ वाहन दुसरे नव्हते. वाहनाची किंमत वाहनात नसते. ती जागेत, वेळेत आणि समोर कोण आहे यात असते. ही साधी गोष्ट क्रमांकांची पद्धत पुसून टाकते.

वाहनामागची माणसे

भीष्मला जोडलेल्या नांगराचे काम काय? सुरुंग पेरलेल्या जमिनीतून मागच्यांना वाट करून देणे. ही वाट किती महाग असते ते १९७१ च्या बसंतरवर दिसले. १५-१६ डिसेंबरच्या रात्री अभियंते सुरुंग काढत होते आणि वाट पुरती मोकळी होण्याआधीच पूना हॉर्सचे सेंच्युरियन पुढे घुसले. १६ तारखेला पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या रणगाड्याला आग लागली. तो सोडून येण्याचा आदेश बिनतारी यंत्रावर आला, पण तोफ चालू आहे म्हणून ते थांबले आणि लढता लढता गेले. वय अवघे २१. याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, जन्म मुंबईचा, १९६५ मध्ये जखमी अवस्थेत पाच दिवस लढून १६ सप्टेंबरला पडले होते. रेजिमेंटच्या नावात पुणे आहे ते उगीच नाही. तिची उभारणी १८१७ मधली, तिथलीच.

खेळात रणगाडा पेटला की खेळाडू बटण दाबून दुसरे वाहन घेतो. खेळ म्हणून त्याला दोष देता येत नाही. मरण खरे झाले तर खेळ उरणार नाही. पण चालक, तोफची, गोळा भरणारा आणि कमांडर अशा चौघांचे काम एकाच खेळाडूच्या बोटात आल्यावर, थांबावे की उतरावे हा प्रश्नच उरत नाही, आणि खेत्रपालांचा इतिहास तर त्या प्रश्नाचाच आहे.

त्याहून मागे गेलो की खानदेश लागतो. भुसावळची आयुधनिर्माणी १९४९ ची, वरणगावची १९६४ ची. वरणगावात काडतुसे होतात. भुसावळात दारूगोळ्याच्या पेट्या-डबे आणि पिनाका अग्निबाणांचे पॉड होतात. पिनाकाची रचना पुण्याच्या संशोधन संस्थेतली. एका गाडीवर प्रत्येकी सहा अग्निबाणांचे दोन पॉड, बाराही अग्निबाण ४४ सेकंदांत सुटतात. कारगिलमध्ये ते वापरले गेले. उद्या पिनाका एखाद्या युद्धखेळात आले तर ४४ सेकंद येतील, पल्ला येईल. पॉड भरून गाडीपर्यंत पोहोचवणारा हात येणार नाही. युद्धाचे वाहन म्हणजे आगगाडीच्या डब्यांसारखी लांबलचक माळ असते. खेळ तिचे फक्त इंजिन दाखवतो.

काय मागावे

या सगळ्यामुळे खेळ टाकाऊ ठरत नाही. तिरके चिलखत गोळा का परतवते, दारूगोळा बुरुजात ठेवल्याने काय धोका असतो, तोफेचे तोंड किती खाली झुकते यावर टेकडीआडून लढणे कसे अवलंबून असते, हे 'वॉर थंडर' जितके स्पष्ट दाखवते तितके आपल्याकडचे कोणतेही पाठ्यपुस्तक दाखवत नाही. गोळा आत शिरल्यावर कुठे काय फुटले याचे चित्रही ते दाखवते. यंत्राचे शिक्षण म्हणून त्याला चांगले गुण द्यावे लागतील.

प्रश्न आहे तो हट्ट कशाचा धरावा याचा. भारताची वेगळी वंशावळ हवी, ही मागणी न्याय्य आहे. पण तेवढ्याने भागत नाही. झेंडा बदलला तरी वाहन पुन्हा क्रमांकच राहील. वाहनासोबत त्याची एक खरी लढाई यावी, असमान असेल तशी. असल उत्तरच्या उसात शर्मन घेऊन पॅटनची वाट पाहणे हा कठीण, म्हणूनच मोलाचा खेळ होईल.

ते घडवायला लागणारी साधने आपल्यापाशीच आहेत. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उभे आहे. रेजिमेंटांचे छापील इतिहास आहेत. निवृत्त जवान, फिटर, काडतूस-विभागातले कामगार भुसावळ, वरणगाव, धुळे, चाळीसगावच्या घराघरांत आहेत. त्यांच्याकडचे गोपनीय ते त्यांच्यापाशीच राहू द्यावे. पण चिखल कसा होता, रात्री इंजिन थंड पडले तेव्हा काय केले, पेटी कशी बांधत, हे सांगायला कसली बंदी नाही. १९७१ मध्ये विशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे. चिलखताची जाडी शंभर वर्षांनीही संग्रहालयात मोजता येईल. या माणसांकडे मात्र तेवढा वेळ नाही. साधने गोळा करणाऱ्यांच्या या गावांत पहिली वही कुणी तरी या हिवाळ्यातच उघडावी.